रीफ टँकमधला गडगा: लाइव्ह रॉकची रचना पक्की कशी उभी करायची

रीफ टँक म्हणजे प्रवाळं पाळायचा खाऱ्या पाण्याचा टँक. त्यातले दगड कोसळतात ते बहुतेक वेळा रात्रीच. यात भुताटकी काही नाही. दिवे मालवले की अर्चिन, खेकडे, गोगलगायी कपारींतून बाहेर पडतात, आणि दिवसभर कसाबसा टेकून राहिलेला दगड नेमका त्यांच्या धक्क्यानं घसरतो. आमच्या देवगडच्या घरातल्या पहिल्या टँकमध्ये हे पहाटे तीनला झालं. आवाज फार मोठा नव्हता, ओल्या मातीत नारळ पडावा तसा. दिवा लावून पाहिलं तर मधला मनोरा पुढच्या काचेवर रेललेला आणि पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं. काच फुटली नाही हे नशीब, पण वीतभर लांब ओरखडा तिच्यावर शेवटपर्यंत राहिला.

चूक सगळी माझी होती. मी आधी वाळू पसरली, वाळूवर दगड रचले आणि मग हौसेनं पिस्टल कोळंबी आणि गोबी माशाची जोडी सोडली. ही कोळंबी दिवसभर बीळ खणते आणि गोबी दारात पहारा देतो. महिनाभर दोघं मिळून मनोऱ्याच्या पायाखालची वाळू उपसत होते आणि मी कौतुकानं त्यांचे व्हिडिओ काढत होतो.

पुन्हा रचायला घेतलं तेव्हा मी आठवडाभर फक्त गोंद शोधत होतो. कुठला जास्त घट्ट, कुठला पाण्यात टिकतो, कुठला विषारी नाही. तेव्हा परसातला गडगा, म्हणजे दगडी कुंपणाची भिंत, घालायला आलेले एक म्हातारे काका पडवीत चहा घेता घेता माझा खटाटोप बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "दगडाक जबरदस्ती करू नको रे. खंय बसाचा ता तोच सांगता." गडग्यात चुना नाही, सिमेंट नाही, माती नाही, दगडावर दगड. तरी तीन हजार मिलीमीटरच्या घरातला पाऊस अंगावर घेत तो वर्षानुवर्षं उभा असतो. तेव्हापासून माझा नेम ठरला: रचना आधी गोंदाशिवाय उभी राहिली पाहिजे. गोंद लावायचा तो उभी आहे ती तशीच राहावी म्हणून. जी रचना गोंदामुळेच उभी आहे, ती कधीतरी पडणार.

दगड कुठला घ्यायचा, कुठला नाही

समुद्र दाराशी असल्यामुळे कोकणातल्या प्रत्येक नवख्याच्या मनात एकच विचार येतो: दगड विकत कशाला घ्यायचा? ओहोटीला जाऊन घमेलंभर आणू. हे करू नका. रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. प्रवाळ चिकटलेला दगड उचलणं हा गुन्हा आहे. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे. दुकानातून काही घेतलंत तरी माल कुठून आला ते विचारा आणि पावती, कागदपत्रं मागून घ्या.

कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या किनाऱ्याचा दगड या कामाचा नाही. जांभ्यात लोह भरपूर, वरून तो ठिसूळ. खाऱ्या पाण्यात झिजत राहतो आणि हात लावाल तिथे लाल भुकटी सुटते. काळा पाषाण टिकाऊ आहे, पण तो मुका दगड. जड, गच्च, आत जिवाणूंना राहायला पोकळी नाही. लाइव्ह रॉकची, म्हणजे जिवाणूंनी वसलेल्या दगडाची, सगळी किंमत त्याच्या सच्छिद्रपणात असते. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या पोकळ्यांत वस्तीला असतात, आणि आत जिथे ऑक्सिजन कमी तिथे नायट्रेट फोडणारेही.

म्हणून सरळ मार्ग असा: कॅल्शियम कार्बोनेटचा सच्छिद्र ड्राय रॉक विकत घ्या, किंवा घरी ओता, आणि तो टँकमध्येच 'लाइव्ह' होऊ द्या. जिवाणूंची बाटली आणि ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला मुठीएवढा तुकडा एवढं विरजण पुरतं. चार ते सहा आठवडे धरून चला. बांधकामाच्या दृष्टीनं ड्राय रॉकचा मोठा फायदा म्हणजे तो टेबलावर कितीही दिवस पडून राहू शकतो; त्याला छिद्र पाडा, तोडा, घासा, घाई नाही. जिवंत दगडाला हे चालत नाही.

घरी ओतायचा असेल तर एक भाग सिमेंट आणि तीन भाग शिंपल्यांची जाड भरड. तिसऱ्यांच्या शिंपल्या आपल्याकडे घरोघरी निघतात. मांसाचा कण राहू न देता धुऊन, कडक उन्हात वाळवून, गोणपाटात घालून हातोडीनं फोडायच्या. मिश्रणात दोन मुठी जाडं मीठ घातलं की ते पुढे पाण्यात विरघळतं आणि जागोजागी पोकळ्या राहतात. मीठ जास्त झालं तर दगड बिस्किटासारखा मोडतो, हे सांगून ठेवतो. सिमेंट कालवताना रबरी हातमोजे हवेतच, चामडी सोलून निघते. ओतलेला दगड गोड्या पाण्याच्या पिंपात महिनाभर तरी बुडवून ठेवायचा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं. नवं सिमेंट पाण्याचा पीएच भलताच वर नेतं. पिंपातलं पाणी दोन दिवस न बदलताही पीएच साडेआठच्या खाली राहिला की दगड तयार समजा.

किती घ्यायचा? पूर्वी लिटरमागे दोनशे ग्रॅमपर्यंत दगड भरायचे आणि टँक म्हणजे दगडांची वखार दिसायची. मी दहा लिटरला एक किलो धरतो. ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा टँक १८२ लिटरचा, म्हणजे १८ ते २० किलो. त्यातले दोन-तीन किलो तोडफोडीत जातात.

पाया: दगड आधी, वाळू नंतर

वर माझी कथा वाचलीतच. दगड वाळूवर ठेवायचा नाही, वाळू दगडाभोवती ओतायची. पण उघड्या काचेवर दगडाचं टोक टेकलं तर सगळा भार त्या एका बिंदूवर येतो, आणि काच बिंदूवरचा भार सहन करत नाही. म्हणून मधे काहीतरी हवं. बरेच जण दिव्यांच्या छतात असते ती प्लॅस्टिकची चौकटी जाळी, एगक्रेट, तळभर घालतात. मला ती आवडत नाही. तिच्या प्रत्येक घरात घाण साठते आणि वाळू उकरली गेली की पांढरे चौकोन दिसायला लागतात. मी फक्त दगडाखाली येईल एवढीच अॅक्रिलिकची पट्टी घालतो. नामफलक बनवणाऱ्यांकडे पाच मिलीमीटर जाडीचे उरलेले तुकडे मिळतात. तुकडा दगडाच्या पायापेक्षा दोन-तीन बोटं मोठा, कडा गोल घासलेल्या. या पट्टीला खालचा दगड चिकटवला की पाया आपोआप रुंद होतो, आणि कोळंबीनं खाली बीळ खणलं तरी दगड कलत नाही, कारण तो वाळूवर टेकलेलाच नसतो.

टँकखाली थर्माकोलची शीट घालतात ती वेगळी गोष्ट. ती स्टँडचा उंचसखलपणा झाकायला. टँकच्या आत थर्माकोल घालू नका, तो तरंगायला बघतो.

खालचे दगड निवडताना सुंदर दगड बाजूला ठेवा. पायाला चपटे, रुंद, कुरूप दगड हवेत. बूड सपाट नसेल तर छिन्नीनं टवके काढा, मग दोन दगड एकमेकांवर घासा. पाणी शिंपडत घासलं तर धूळ नाकात जात नाही. टेबलावर ठेवून बोटानं टिचकी मारा. 'टक' असा एकच आवाज आला तर बसला, 'टक-टक' असा दुहेरी आला तर डुगडुगतो आहे. हा कान एकदा तयार झाला की डोळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

कोरडी मांडणी

टँकच्या तळाच्या मापाचा पुठ्ठा कापा आणि जमिनीवर ठेवा. त्यावर चारही बाजूंनी आत चार बोटं सोडून रेघ मारा. काच साफ करायचा चुंबक या फटीतून फिरणार आहे; तो अडकला की महिन्याभरात मागची काच हिरवीगार. वरची उंची पाण्याच्या पातळीपेक्षा १२ ते १५ सेंटिमीटर खाली थांबवा. आज ती जागा रिकामी वाटते, पण प्रवाळ वाढत वर येतं.

आणि टँकच्या तोंडावरची मधली काचपट्टी मोजा. मी दुसऱ्या वेळी सगळं अप्रतिम चिकटवून ठेवलं, आणि मग कळलं की दोन पट्ट्यांमधली फट १४ इंच आणि माझी कमान १८ इंच. घरातले सगळे हसत होते. मीही हसलो, दुसऱ्या दिवशी.

आता रचा. प्रत्येक दगड खालच्या दगडांना तीन ठिकाणी टेकला पाहिजे. दोन ठिकाणी टेकला तर तो झोपाळा, चार ठिकाणी सहसा टेकतच नाही, एक टेकू कायम अधांतरी राहतो. चुलीचे दगडही तीनच असतात. दगड फिरवून, उलटा करून, दुसऱ्या जागी नेऊन बघा. काकांचं वाक्य इथे लागू पडतं. पाच-सहा वेळा फिरवल्यावर एका क्षणी दगड स्वतःहून खाचेत जातो आणि तुमच्या हातावरचा भार निघून जातो. तो क्षण हाताला कळतो. तोवर गोंदाची बाटली उघडायची नाही.

दगड पुढे झुकवून कपार करायची असेल तर त्याचा वजनाचा मध्य पायाच्या आतच पडला पाहिजे. पुढे वीतभर बाहेर काढायचा असेल तर मागच्या टोकावर दुसरा दगड दाबाला ठेवा. जुन्या घरांचे छज्जे असेच तोललेले असतात.

गडग्याचं शास्त्र इथे एका बाबतीत मात्र अपुरं पडतं, आणि ते समजून घ्या. गडगा स्वतःच्या वजनावर उभा असतो. टँकमध्ये ते वजनच कमी होतं. रीफच्या दगडातलं खनिज, अॅरागोनाइट, त्याची घनता २.९ च्या आसपास, समुद्राच्या पाण्याची १.०२५. म्हणजे दहा किलोचा दगड, पोकळ्यांत पाणी भरल्यावर, बुडालेल्या अवस्थेत साडेसहा किलोच्या आसपासच भरतो. टेबलावर जी रचना भक्कम वाटते तिची पकड पाण्यात एक तृतीयांशानं ढिली होते. वर वेव्हमेकरचा, म्हणजे पाणी हलवत ठेवणाऱ्या पंपाचा, झोत, टर्बो गोगलगाईचा रेटा आणि काच पुसताना तुमच्या कोपराचा धक्का. म्हणून तोल साधल्यावर सांधेही लागतात. गडग्यात फटीत बसवतात तशा बारीक कपच्या टँकमध्ये नुसत्या ठेवू नका, कोळंबी त्या रात्रीत ओढून नेते. ठेवायच्या असतील तर चिकटवूनच.

मांडणी मनासारखी झाली की चारही बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक सांध्यावर पेन्सिलीनं दोन्ही दगडांना एकच आकडा घाला: १-१, २-२. खडू नको, तो पुसला जातो. दोन दिवस ती तशीच राहू द्या. येता-जाता नजर पडते आणि चुका दिसतात.

सांधा पहिला: सळई

उभ्या मनोऱ्याला आणि कमानीच्या दोन्ही टोकांना आत सळई हवी. अॅक्रिलिकची किंवा फायबरग्लासची, सहा मिलीमीटर जाडीची. लोखंडी खिळा, बांधायची तार, स्टेनलेसचा स्क्रू यांतलं काहीही नको. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसही गंजतं. तांब्याची तार तर चुकूनही नाही, तांबं कोळंबी-खेकड्यांना आणि प्रवाळांना मारतं.

ड्रिलला दगडाचा बिट लावा, पण हातोडी मोड बंद ठेवा, नाहीतर दगड उभा चिरतो. आधी चार मिलीमीटरचं छिद्र, मग त्यातच सात किंवा आठचं. खोली दोन ते तीन इंच. दगड ओल्या गोणपाटावर ठेवा, पण पायानं धरू नका. दुसऱ्या माणसाला धरायला सांगा. ओल्या कामाला बॅटरीवरचा ड्रिलच बरा. वायरवालाच असेल तर हात, पाय आणि जमीन कोरडी ठेवून करा. दोन छिद्रं समोरासमोर कशी आणायची? खालच्या छिद्रात सळई घाला, तिच्या टोकाला ओली हळद लावा, वरचा दगड आकड्याप्रमाणे अलगद ठेवा आणि उचला. पिवळा ठिपका पडतो तिथे छिद्र. हळद नंतर धुऊन टाका.

सांधा दुसरा: गोंद, पुट्टी, गोंद

नुसता सुपरग्लू खडबडीत दगडाला फार धरत नाही, कारण दगड एकमेकांना फक्त टोकांवर भेटतात आणि मधे फटीच असतात. नुसती इपॉक्सी पुट्टी फटी भरते, पण तिला स्वतःची चिकट कमी. वाळल्यावर ती दगडावरून साच्यासारखी सुटून येते. दोन्ही एकत्र केल्या की एकीची उणीव दुसरी भरून काढते.

सुपरग्लू जेल प्रकारातला घ्या, पातळ नको, तो दगड पिऊन टाकतो. पुट्टी अॅक्वेरियमसाठी म्हणून विकतात ती घ्या. नळदुरुस्तीच्या काही पुट्ट्यांत धातूची भुकटी असते. सांध्याच्या दोन्ही बाजू ब्रशनं घासून भुकटी काढून टाका. मोजे घालून पुट्टीचे दोन्ही रंग एकजीव होईपर्यंत मळा, पुरीच्या कणकेइतकी घट्ट. लिंबाएवढी गोळी करा. गोळीच्या खालच्या बाजूला जेलचं वेटोळं, वरच्या बाजूला दुसरं. खालच्या दगडावर गोळी ठेवा, वरचा दगड आकडे जुळवून दाबा आणि किंचित फिरवा, म्हणजे जेल छिद्रांत शिरतं. मग एक मिनिट हलू नका. खरंच एक मिनिट, घड्याळ लावून. बाहेर आलेली पुट्टी ओल्या बोटानं दगडाच्या पोतासारखी टोचून घ्या आणि ती ओली असतानाच वर दगडाचीच भुकटी दाबा. पुढे जांभळं कोरलाइन शेवाळ चढलं की सांधा कुठे होता ते मलाही सांगता येत नाही.

आपल्या हवेचे दोन मुद्दे. मे महिन्यात मळलेली पुट्टी पाच मिनिटांतच दगड होते, म्हणून एका वेळी एकाच सांध्यापुरती मळा. आणि सुपरग्लू आळतो तो ओलाव्यानं, त्यामुळे जुलैच्या दमट हवेत तो भराभर धरतो आणि कडेला पांढुरका थर सोडतो. तो थर निरुपद्रवी आहे.

फट मोठी असेल तर तिच्यात दगडाची कोरडी भुकटी किंवा अॅरागोनाइटची वाळू भरून वरून सुपरग्लूचे थेंब सोडतात. क्षणात दगडासारखं कडक होतं, वाफही निघते; तोंड लांब ठेवा, खिडकी उघडा. इथे एक इशारा महत्त्वाचा आहे. फट भरायला कापूस घेऊ नका. सुपरग्लू सुती कापसावर पडला की इतका तापतो की धूर निघतो आणि बोटं भाजतात. सुती मोजे, सुती फडकं, सगळ्यालाच हे लागू. मी एकदा बनियनला हात पुसला आहे.

मोठ्या, कायमच्या सांध्यांना सिमेंटही चालतं, पण मग ती संपूर्ण रचना वर सांगितल्याप्रमाणे महिनाभर पिंपात बुडवावी लागते. तेवढं मोठं पिंप आणि तेवढा धीर असेल तर जरूर.

केबल टाय आणि तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) यांचा उपयोग मी फक्त गोंद वाळेपर्यंत दगड बांधून ठेवायला करतो. तंगूस कायम ठेवला तर त्याच्यावर शेवाळाच्या दाढ्या लोंबतात आणि खेकड्याचा पाय कधीतरी अडकतो.

एक सांधा कोरडा ठेवा

हे मी मे २०२१ मध्ये शिकलो. तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि आमच्याकडची वीज गेली ती बरेच दिवस आलीच नाही. बॅटरीवरचा हवेचा पंप दुसऱ्या रात्री बसला. मासे पकडून शेजारच्या इन्व्हर्टरवर चालणाऱ्या पिंपात हलवायचे ठरलं, पण माझी रचना म्हणजे एकसंध किल्ला. टॉर्चच्या उजेडात दोन तास जाळं फिरवलं. प्रत्येक मासा दगडाच्या पोटात जाऊन बसत होता. दोन हाती लागलेच नाहीत.

आता वरचा एक तृतीयांश भाग मी चिकटवत नाही. दोन सळयांवर तो नुसता बसवलेला असतो, डब्यावर झाकण बसावं तसा. सळया खालच्या दगडात चिकटवलेल्या, वरच्या दगडातली छिद्रं एक मिलीमीटर सैल. आडवा धक्का लागला तर सळया धरतात, सरळ वर उचलला तर हातात येतो. मासा पकडायचा असो किंवा आत मेलेलं काही काढायचं असो, अर्ध्या मिनिटाचं काम. मात्र त्या सांध्यावरून प्रवाळ वाढू देऊ नका, नाहीतर ते दोन्ही दगड शिवून टाकतं.

टँकमध्ये उतरवणं

सगळे सांधे पूर्ण २४ तास वाळू द्या. मग परीक्षा: चारही दिशांनी वरच्या दगडाला एका बोटानं रेटा, टेबल हलवा. कुठे करकर ऐकू आली तर तो सांधा तोडून परत करा. आता दया दाखवलीत तर नंतर पहाटे तीनला उठाल. आपल्याकडे हे हलवणं नुसतं नाटक नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या मोठ्या भूकंपानंतरही कोयना भागात धक्के बसतच आले आहेत आणि ते घाट उतरून चिपळूण-संगमेश्वरपर्यंत जाणवतात. हायवेलगत घर असेल तर ट्रकच तुमची परीक्षा रोज घेतील.

ड्राय रॉक आधी दोन-तीन दिवस मिठाच्या पाण्यात भिजवा. पोकळ्यांत हवा असते, हलके तुकडे सुरुवातीला चक्क तरंगतात आणि सांध्याला उलटा ताण देतात. बुडबुडे थांबले की तयार.

उतरवायला दोन माणसं. कमानीला धरून उचलायचं नाही, बुडाखालून धरायचं. टँकच्या तळाला जुना टॉवेल अंथरा, रचना त्याच्यावर टेकवा, जागेवर सरकवा आणि एकेक कड उचलून टॉवेल ओढून घ्या. अॅक्रिलिकची पट्टी काचेला सपाट लागली आहे ना, ते खालून वाकून बघा. मग पाणी, १.०२५ घनतेचं, बशी ठेवून तिच्यावर सावकाश. वेव्हमेकर चालू करून अर्धा तास निरखा. कुठल्या कपारीत झोत पोचत नाही हे पाहायला चिमूटभर माशांचं खाद्य सोडा. ते जिथे जाऊन बसतं तिथे उद्या घाण बसणार. वाळू अजून घातलेली नाही, तेव्हा दगड थोडा फिरवून घ्यायला हीच शेवटची सोयीची वेळ. त्यानंतर धुतलेली वाळू, पायाभोवती दोन इंच.

चालू टँकमध्ये डागडुजी करताना

भरलेल्या, जिवंत टँकमध्ये दगड सुटला तर शक्यतो बाहेर काढूनच जोडा. टँकच्याच पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांत आटपा. बाहेर काढणं शक्यच नसेल तर पाण्याखालीही गोंद-पुट्टी-गोंद चालतं. जेलवर लगेच कातडी धरते, म्हणून दाबून किंचित फिरवणं इथे जास्तच जरूर. पुट्टी पाण्यात वाळताना स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, वेड्यासारखा फेस करून उतू जातो. त्या दिवसापुरता त्याचा कप वर करा किंवा बंद ठेवा, हवेचा पंप लावा, आणि एका दिवसात एक-दोन गोळ्यांच्या वर घालू नका.

जिवंत दगड हाताळताना मोजे आणि चष्मा घालाच. काट्यांच्या किड्यांची कुसळं बोटात शिरली तर दोन दिवस आग होते, तो किरकोळ भाग. झोअँथिड जातीच्या, बटणांसारख्या दिसणाऱ्या प्रवाळांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. असा दगड उकळायचा नाही, गरम पाण्यानं धुवायचा नाही, कोरडा घासायचा नाही. त्या वाफेनं घरंच्या घरं दवाखान्यात गेल्याची उदाहरणं परदेशात नोंदलेली आहेत. नको असलेली झोअँथिड काढायची तर पाण्याखालीच, आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही.

पहिले तीन महिने दर रविवारी काच पुसताना वरच्या दगडाला बोट लावून बघा, आणि वाळू कुठे खचली आहे ते बाजूनं पाहा. माझ्या आताच्या टँकमध्ये पुन्हा तीच जोडी आहे, पिस्टल कोळंबी आणि गोबी. कोळंबीनं पहिल्याच आठवड्यात मनोऱ्याखाली सुरुंग लावला, अॅक्रिलिकच्या पट्टीची कड लागेपर्यंत खणलं, चार दिवस त्या कडेला टकटक केलं, आणि मग वळून मागच्या कोपऱ्यात हीटरखाली नवं घर काढलं.